तांबडी रेघ किती जाड

किहनू बेटावर रोसीने
पेटीचं झाकण उघडलं तेव्हा
आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग लोकरीचा.
आठ-दहा घागरे, सगळे उभ्या पट्ट्यांचे,
सगळे घरच्या मागावरचे,
कारण हिवाळ्यात इथं समुद्र गोठतो
आणि मग दुसरं करायचं काय,
असं तिची सून म्हणाली. तिला थोडं इंग्रजी येत होतं
आणि तिचं लक्ष चुलीवरच्या माशांकडे होतं.

मी म्हटलं, तो तांबडा द्या ना,
फोटोत छान येईल.

रोसीने मान हलवली. काहीतरी विचारलं.
सुनेने फोन पुढे केला, फोन म्हणाला:
तुझं मेलेलं कोण?

मी हसले. मग दिसलं, एकटीच हसतेय.

सून हात पुसत आली, समजावत राहिली:
घरात सगळं धड तर तांबडा.
कुणी गेलं तर काळा.
मग दिवस सरतील तशी निळी रेघ, जांभळट रेघ,
मग सुताएवढी तांबडी,
मग तीच जाड होत जाते.
कुणी विचारायला येत नाही अजून किती म्हणून.
दिसतंच.

भाऊ, मी म्हटलं. दोन वर्षं होतील.
नाव विचारलं. सुधन्वा.
रोसीने तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदाही 'ध' तिच्या दाढेत अडकला.

आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणीला तीनच दिवस.
काकूने फोनवर बोटं मोजून सांगितलेलं,
गोत्र बदललं ना तुझं, तीन पुरेत.
चौथ्या दिवशी न्हाऊन, पिवळा कुर्ता घालून
मी ऑडिटच्या मीटिंगला. वेळेवर.
कुणी म्हणालं, रंग खुलतो तुला.
मी म्हटलं, थँक्यू.

हे सगळं सांगून पाहिलं त्या फोनला.
'गोत्रा'चं त्याने काय केलं कोण जाणे,
रोसीने विचारलं,
गाई किती होत्या?

तिने तळातला एक घागरा ओढला.
काळा, गडद निळा, आणि बोटबोट अंतरावर
तांबडी रेघ, टाका घालायच्या दोऱ्याइतकी.
तिचाच, बहीण गेली तेव्हाचा,
दुसऱ्या वर्षाचा की तिसऱ्या,
यावर सासूसुनांचं थोडं वाजलंही.

निऱ्या आधीच घातलेल्या,
ओल्या करून, वजन ठेवून, कायमच्या बसवलेल्या.
तरी माझी बोटं पोटापाशी गेलीच,
अंगठा आणि तर्जनी,
काही चुणायला शोधत.
रोसीने हात बाजूला सारला.
झालंय, असं म्हणाली असावी.

मग, नवरा आहे ना, विचारून
वरून फुलाफुलांचा एप्रन बांधला.
लग्न झालेलीनं बांधायचा असतो.
ज्या लग्नाने माझे दिवस तीनावर आणले
त्याची गाठ इथं कमरेमागे,
जरा घट्टच.

मोटरसायकल रोसीने काढली. सत्तरीची बाई,
रुमालाची गाठ हनुवटीखाली.
मी शेजारच्या खोक्यात, मांडीवर केक,
लोकर पोटऱ्यांना टोचतेय,
आणि आम्ही निघालो कुणाच्या तरी बारशाला.
एका वळणावर तिने दोन्ही हात सोडून
नाक शिंकरलं.

दारात एक म्हातारी उभी, ना ओळख ना पाळख.
तिने आधी घागरा पाहिला,
रेघेशी थांबली,
मग माझं तोंड.
काही बोलली नाही.
केक काढून घेतला
आणि कोपराला धरून मला आत नेलं,
खिडकीखालच्या बाकाकडे.
तिथं दोघी आधीच बसलेल्या,
एकीचा घागरा पूर्ण काळा,
एकीचा माझ्याहून जरा पुढे गेलेला.

दोघी सरकल्या.